‘प्रती’चा ‘प्रति’ झाला, ‘दहा’ मात्र राहून गेले

मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात एका खरीप हंगामात शुद्धलेखनावरून जे घडलं, त्याची ही नोंद आहे. माणसांची, गावाची आणि तालुक्याची ओळख ठेवलेली नाही. लिखाणातल्या चुका कोणी, कधी आणि कुठे दाखवायच्या, हा प्रश्न वरवर पाहता मास्तरांचा वाटतो. इथे तो फवारणीच्या पंपापर्यंत गेला.

पार्श्वभूमी

गटात अडीचशेच्या आसपास माणसं. बहुतेक सोयाबीन आणि तूर पिकवणारे. सोबत दोन कृषी सेवा केंद्रवाले, बचत गटातल्या काही बायका आणि एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळा गट ‘गुरुजी’ म्हणतो. ॲडमिन कृषी पदवीधर तरुण, स्वतः शेती करणारा. विषय ठरलेले: पेरणी, कीड, मोंढ्यातला भाव, पीकविम्याची मुदत.

गटात लिहिण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. काही जण एकेक अक्षर दाबून लिहितात. बरेच जण फोनला बोलून दाखवतात आणि उमटेल ते पाठवतात. काहींच्या फोनवर दुकानदाराने बसवून दिलेला हिंदी कीबोर्ड तसाच राहिलेला. त्यात मराठी बोललं की फोन हिंदी शब्द जुळवू पाहतो आणि ‘ळ’ शोधत बसावं लागतं. ‘शेतकऱ्याला’ या शब्दातला ऱ्य काढायला ‘ऱ’ हे वेगळं अक्षर लागतं. ते सापडलं नाही की साधा ‘र’ जोडला जातो आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन ‘शेतकर्याला’ उमटतं. वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याला येत नाही. खरं म्हणजे त्याला बोट कुठे ठेवायचं ते कोणी दाखवलेलं नसतं.

दुसरी गोष्ट बोलीची. या भागात ‘ण’चा उच्चार सर्रास ‘न’ होतो. पानी, पन, कोनी, पेरनी. ‘आहे’चं ‘हाय’, ‘लागेल’चं ‘लागन’. माणूस बोलतो तसं लिहितो, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही अडत नाही. आज शाळेत शिकवले जाणारे लेखनाचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. शासनाने त्यातले १४ नियम १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे आजही काही घरांत असे आजोबा सापडतात, जे उर्दूतला जुना कागद वाचतात आणि मराठीत सही करताना थांबतात. त्यांच्या नातवाला ‘तुला मराठी लिहिता येत नाही’ म्हटलं की ते एका शब्दापुरतं राहत नाही. त्याच्यामागे घराण्याची शाळा उभी राहते.

गुरुजींची बाजूही नीट मांडायला हवी, कारण या प्रकरणात त्यांना खलनायक करणं सोपं होतं आणि ते चूक ठरलं असतं. त्यांची सगळी हयात वर्गात गेली. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं अशा वेलांटी-उकाराच्या फरकाने अनुदान अडकलेली माणसं त्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या ओट्यावर बसून अर्ज लिहून घेतलेले लोक गटातच आहेत. ‘इथं चालतंय म्हणून चालवलं, तर अर्जातबी तेच उतरतं,’ हे त्यांचं म्हणणं अनुभवातून आलेलं होतं.

अडचण

पहिली ठिणगी जूनअखेरीस पडली. पाऊस पेरणीपुरता पडून गेला आणि पुढे उघडीप. बचत गटातल्या एका ताईंनी गटात पहिल्यांदाच लिहिलं:

‘पेरनी करून आठ दिस झाले पन पानी नाई उगवन पातळ हाय दुबार पेरनी करावी लागन का’

काही मिनिटांत गुरुजींचं उत्तर आलं: ‘पेरणी, पण, पाणी, नाही, उगवण, आहे, लागेल. कृपया शुद्ध लिहावे.’ त्याखाली दोघांनी हात जोडल्याची खूण टाकली, एकाने हसण्याची. मूळ प्रश्नाला कोणीच उत्तर दिलं नाही. तासाभराने ताईंनी आपला संदेश काढून टाकला.

त्या एका ओळीकडे जरा थांबून पाहू. सात दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. त्यातली एकही अशी नव्हती की जिच्यामुळे अर्थ कळायला अडचण यावी. पेरणीला किती दिवस झाले, पाऊस नाही, उगवण विरळ आहे, निर्णय काय घ्यावा, हे सगळं त्यात होतं. उत्तर देणाऱ्याने विचारायला हवं होतं ते एवढंच: ‘ताई, एक मीटर ओळीत रोपं किती आहेत?’ सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं तर मीटरभर ओळीत वीसेक रोपं दिसायला हवीत. तिथून पुढे दुबार पेरायचं की खाडे, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, भरायचे, हे ठरवता येतं. म्हणजे चांगलं विचारलेला प्रश्न वाया गेला, तोही ‘ण’पायी.

मग गट हळूहळू शांत होत गेला. भांडण झालं नाही, कोणी तक्रार केली नाही. नवीन माणसं लिहीनाशी झाली आणि त्याच पाच-सहा जणांचं बोलणं उरलं. ॲडमिनला वाटलं, शेतीची कामं चालू आहेत, लोक कामात असतील.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसू लागला. मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा पाडते, त्यांच्यामध्ये अंडी घालते आणि खाचेच्या वरचा भाग वाळून लोंबतो. एका शेतकऱ्याने लिहिलं:

‘चकरी भुंग्याला क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ मारा ३ मिली प्रती लीटर रिझल्ट चांगला हाय’

गुरुजींनी नेमाने दुरुस्ती केली: ‘प्रती म्हणजे पुस्तकाच्या प्रती. इथे प्रति हवे. तत्सम अव्यय, म्हणून इकार ऱ्हस्व. लीटर नव्हे, लिटर.’ आणि सोयीसाठी सगळं वाक्य पुन्हा लिहून दिलं: ‘चक्रीभुंग्यासाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे औषध ३ मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारावे.’

व्याकरणाच्या दृष्टीने ओळ निर्दोष झाली. मात्रा मात्र दहापट. या औषधाचं सोयाबीनवरचं प्रमाण हेक्टरी १५० मिली, म्हणजे एकरी ६० मिली. एकराला २०० लिटर पाणी धरलं तर १० लिटरला ३ मिली होतात. १५ लिटरच्या पंपात साडेचार मिली. गटातल्या ओळीप्रमाणे गेलं तर त्याच पंपात ४५ मिली पडणार होतं. लिहिताना ‘दहा’ हा शब्द गळाला होता. ‘प्रती’ची वेलांटी दिसली, ‘दहा’ नसल्याचं दिसलं नाही.

इथे एक गोष्ट घडली, जी या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाची वाटते. लोकांनी पुढे पाठवलं ते मूळ वाक्य नव्हतं, गुरुजींचं सुधारलेलं वाक्य होतं. स्वच्छ, शुद्ध, ‘फवारावे’ असा शेवट असलेलं. ते कृषी खात्याच्या पत्रकासारखं दिसत होतं. शुद्ध लिखाणाने चुकीच्या आकड्याला वजन मिळवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेतकरी दुकानात गेला आणि एका एकराला साठ मिलीच्या दहा बाटल्या मागू लागला. दुकानदार गटातलाच. तो म्हणाला, ‘दहा कशाला भाऊ? एकराला एक बस झाली.’ शेतकऱ्याने फोन पुढे केला. दुकानदाराने ॲडमिनला फोन लावला. हे औषध महाग आहे, म्हणूनच चूक दुकानाच्या काउंटरवर अडली. स्वस्तातलं, घरात आधीच पडून असलेलं औषध असतं तर ती थेट रानात गेली असती.

ॲडमिनने त्या दिवशी दहा-बारा जणांना फोन केले. त्यात त्या ताईही होत्या. त्या शेतीशाळेत जाऊन आलेल्या, मात्रा त्यांना तोंडपाठ. त्या म्हणाल्या, ‘मला कालच दिसलं व्हतं भाऊ, दहा ऱ्हायलंय मनून. पन लिव्हायचं कसं? परत माझ्याच चुका काढतेन.’

कोणते मार्ग होते

ॲडमिन आणि गटातली तीन जुनी माणसं त्या संध्याकाळी बसली. एकाचं म्हणणं होतं की गुरुजींना गटातून काढावं. दोन मिनिटांत होणारं काम. पण गुरुजी गावातले मानाचे, आणि चूक एकट्या त्यांची नव्हती. मात्रा तपासायची जबाबदारी कोणावरच सोपवलेली नव्हती. शिवाय काळजीने वाचणारा माणूसच काढला, तर उरलेले वाचणारेही कमी काळजीने वाचतील.

‘फक्त ॲडमिन लिहितील’ ही सोय लावावी, असं दुसऱ्याने सुचवलं. त्यात चुका थांबतात, पण रानातली खबरही थांबते. कुठल्या शिवारात भुंगा आलाय हे ॲडमिनला कळणार कसं? हा मार्ग लगेच बाद झाला.

तिसरा पर्याय म्हणजे कोणीही कोणाची चूक काढायची नाही, असा सरसकट नियम. तो सगळ्यांना पटत होता आणि जवळजवळ ठरलाच होता. ॲडमिनने प्रश्न विचारला: ‘मग कालचा दहाचा आकडा कोणी सांगायचा?’ चूक दाखवायला सगळ्यांनाच बंदी घातली असती, तर ताईंनाही बंदी झाली असती. गटाला चूक दाखवणारी माणसं हवी होती. त्यांनी कोणती चूक दाखवावी, एवढंच ठरायचं होतं.

शेवटी चुकांची वाटणी करायचं ठरलं. ज्या चुकीने कोणाच्या पिकाला, जिवाला किंवा पैशाला धोका आहे, म्हणजे आकडा, एकक, औषधाचं नाव, टक्केवारी, तारीख किंवा ‘करा-करू नका’, ती कोणीही, लगेच, सगळ्यांसमोर दाखवायची. बोलीतलं रूप ही चूक धरायचीच नाही. ऱ्हस्व-दीर्घ, रफार, कानामात्रा यांवर गप्पांमध्ये बोलायचं नाही. पण जो मजकूर गटात वरती टाचून ठेवला जाईल, पत्रक म्हणून निघेल किंवा अर्ज म्हणून जाईल, तो मात्र अगदी काटेकोर, प्रमाण मराठीत, गुरुजींच्या नजरेखालून गेलेला असायला हवा.

बोलण्यातलं आणि जपून ठेवण्यातलं लिखाण वेगळं मानणं मराठवाड्याला नवं नाही. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. ते कष्ट शेकडो वर्षं टिकायच्या ग्रंथासाठी होते. त्याच एकनाथांच्या भारुडात मात्र महारापासून जोश्यापर्यंत जो तो आपल्या तोंडची भाषा बोलतो.

काय केलं

ॲडमिनने पहिलं काम केलं ते चुकीचे दोन्ही संदेश सगळ्यांसाठी काढून टाकण्याचं. त्याने भागत नाही, कारण पुढे पाठवलेली प्रत तशीच राहते. म्हणून ‘दुरुस्ती’ असं ठळक लिहून, चुकीची मात्रा आणि बरोबर मात्रा शेजारी शेजारी देऊन नवा संदेश टाकला आणि ज्यांनी आधीचा पुढे पाठवला त्यांनी हाही त्याच ठिकाणी पाठवावा, अशी विनंती केली. लिहिलेला संदेश व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आतच बदलता येतो, हेही अनेकांना तेव्हाच कळलं.

मग तो गुरुजींच्या घरी गेला. गटात काही न लिहिता घरी जाण्याचा हा निर्णय फार योग्य होता. चहा झाल्यावर त्याने फोन पुढे ठेवला. ‘गुरुजी, तुम्ही प्रति बरोबर केलंत. पण हे तीन मिली किती पाण्याला, ते बघा.’ गुरुजींनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. मग कागद मागून स्वतः हिशेब केला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. ताईंनी का लिहिलं नाही, हेही ॲडमिनने सांगितलं. ‘ती पोरगी माझ्याच वर्गात होती,’ एवढंच गुरुजी म्हणाले.

फवारणीच्या संदेशाचा साचा पुढे गुरुजींनीच घडवला. त्यात औषधाचं पूर्ण नाव आणि टक्केवारी येते. मग १० लिटरला किती, १५ लिटरच्या पंपाला किती आणि एकराला एकूण किती, असे तिन्ही आकडे येतात. एक आकडा चुकला तरी उरलेले दोन त्याला पकडतात. आकडा धनादेशावर लिहितात तसा अंकात आणि अक्षरात: ‘३ (तीन) मिली, १० (दहा) लिटर पाण्यात’. शेवटी बाटलीवरचं पत्रक वाचून खात्री करण्याची सूचना.

दुसरी सुधारणा नकाराची. मधल्या काळात एका पावसाळी दिवशी बोलून लिहिलेला एक संदेश असा उमटला होता: ‘पाऊस हाय आज फवारून का’. सांगायचं होतं ‘फवारू नका’. शब्द तोडण्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं आणि मनाईचा प्रश्न झाला. खाली एकाने ‘हो मारा’ असं उत्तरही दिलं. तेव्हापासून मनाई करताना ‘फवारणी थांबवा’ किंवा ‘फवारणी बंद’ असं लिहायचं ठरलं. हे शब्द कसेही तुटले तरी अर्थ उलटत नाही.

कीबोर्डसाठी एका रविवारी मारुतीच्या पारावर तासभर बसणं झालं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करून घेतली, नको असलेली हिंदी काढली, बोलून लिहिण्याची भाषाही मराठी केली. ‘ऱ’ आणि ‘ळ’ कुठे आहेत ते दाखवलं. पाठवण्याआधी एकदा वाचून बघा, निदान आकडा तरी, एवढंच सांगितलं. ‘शेतकर्याला’सारख्या चुका त्यानंतर आपोआप कमी झाल्या. ज्या चुकांवर दोन महिने लोक खाली मान घालत होते, त्यांतल्या कित्येक फोनच्या होत्या.

निष्पत्ती

पहिले काही दिवस गट आणखीच गप्प होता. नियम झाल्यामुळे लोक जास्त घाबरले. प्रत्येक संदेशाखाली ‘चुकलं तर माफ करा’ यायला लागलं. ते हटायला वेळ लागला. त्यात एक-दोन तरुणांनी गुरुजींच्या ‘प्रति’ची टर उडवायला सुरुवात केली. ॲडमिनने त्यांनाही त्याच दिवशी खासगीत थांबवलं. लिहिणाऱ्याला खजील करणं चूक असेल, तर सुधारणाऱ्याला खजील करणंही चूकच, हे त्याने स्पष्ट सांगितलं.

ताई आधी आवाजी संदेशाने परतल्या, मग लिहून. त्यांच्या लिखाणात ‘पानी’ अजून ‘पानी’च आहे. फवारणीच्या संदेशांतले आकडे आता त्या आणि दुकानदार मिळून बघतात, भाषा गुरुजी बघतात. पीकविम्यासाठी नुकसानीची खबर तेव्हा ७२ तासांत द्यावी लागे. परतीच्या पावसानंतर त्या घाईत गुरुजींनी लिहून दिलेला नमुना अर्ज गटात वर टाचलेला होता. त्यात नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणेच, अक्षर न बदलता लिहायचं, हे त्यांनी ठळक केलं होतं. काटेकोरपणाची खरी जागा ही होती.

सगळं जमलं असं नाही. दोघं गट सोडून गेले. साचा लांबलचक आहे, म्हणून घाईत लोक तो टाळतात. खासगीत चूक सांगितली तरी एकाला लागली, तेव्हापासून विचारल्याशिवाय खासगीतही सांगायचं नाही असं ठरलं. गुरुजींकडून अधूनमधून गटातच दुरुस्ती होते. जन्माची सवय आहे. लक्षात आलं की ते स्वतःच काढून टाकतात.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाची खरी वेळ ऑगस्टमध्ये नव्हती, जूनमध्ये होती. ताईंचा प्रश्न आला तेव्हा ॲडमिन गटात हजर होता. त्याने दुरुस्तीवर वाद न घालता नुसतं उत्तर दिलं असतं, ‘ताई, पेरणीला आठ दिवस म्हणजे उगवण मोजायला हवी, पाण्याची वाट आणखी किती बघता येईल ते सांगतो’, तरी पुरे होतं. अशा उत्तरात पेरणी, उगवण, पाणी हे शब्द प्रमाण रूपात सहज येऊन जातात. ज्याला उचलायचं तो उचलतो, आणि कोणाला चारचौघांत उभं राहावं लागत नाही. मोठ्या माणसांना लिहायला शिकवण्याची याहून बरी रीत नाही. गुरुजींनीही पुढे हीच उचलली.

दुसरं म्हणजे, गप्प होणं हे लक्षण आहे, हे ओळखायला उशीर झाला. नवीन माणूस एकदा लिहून परत लिहीत नसेल, तर आठवड्याच्या आत त्याला फोन करायला हवा होता. मात्रा कोण तपासणार, हेही हंगाम सुरू होण्याआधी ठरायला हवं होतं.

पुढच्या खरिपात, भुंग्याच्याच दिवसांत, शेजारच्या तालुक्यातल्या कोणाकडून गटात एक संदेश फिरत आला: ‘चक्रीभुंग्यासाठी क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे औषध ३ मिली प्रति लिटर पाण्यात मिसळून फवारावे.’ एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. पाच मिनिटांत त्याखाली ताईंचं उत्तर पडलं: ‘हे चुकीचं हाय. १० (दहा) लिटर पान्याला ३ मिली. कोनी मारू नगा, आदी बाटलीवरचं वाचा.’

‘बरोबर आहे,’ असं गुरुजींनी खाली लिहिलं, आणि ताईंचाच संदेश, अक्षरही न बदलता, चुकीचा संदेश जिथून आला होता तिकडे परत पाठवला.